डब्याचा तळ

महिन्याची यादी करायला माणसं कागद-पेन घेऊन खुर्चीत बसतात. गडबड तिथेच होते. यादी उभ्याने करायची असते, फडताळ सताड उघडं ठेवून, एकेक डबा हलवून बघत. बसून केलेल्या यादीत रवा हमखास येतो. उभ्याने केलेल्या यादीत कळतं, की मागचा अर्धा किलो रवा तळाशी जाळ्या धरून बसलाय. (आणल्या दिवशीच कोरडा भाजून, गार करून भरला असता तर ही वेळ आली नसती.)

यादीत 'गहू' लिहिणं सोपं, 'गहू किती' हे अवघड. पण मोजून बघा: 1 किलो कणकेच्या साधारण 32 पोळ्या होतात. घरात दिवसाला 16 पोळ्या लागत असतील तर अर्धा किलो, म्हणजे महिन्याला 15 किलो. हा आकडा हाताशी असला की मार्च ते मे नवा गहू बाजारात येतो तेव्हा पोतं घ्यायचं की नाही हे ठरवता येतं. फ्लॅटमध्ये वर्षाच्या बेगमीचा हट्ट नको, तीन महिन्यांचा गहू पुरे. दोन कडक उन्हं द्यायची आणि पूर्ण निवल्यावरच कोठीत भरायचा. गरम भरला की आत वाफ धरते, टोके पडतात, मग ती स्वस्ताई चाळणीतून खाली जाते. तांदळाला मात्र कडक ऊन दाखवू नये, दाणा तडकतो आणि भातात कणीच कणी होते.

दुकानात भावापेक्षा वजनाकडे डोळे ठेवावेत. 1 लिटर तेल म्हणजे 910 ग्रॅमच्या आसपास. पण तेवढ्याच दिसणाऱ्या एखाद्या पिशवीत 850 ग्रॅमच असतं, म्हणून ती स्वस्त वाटते. हल्ली पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमचा भाव छापतात. त्याला हजाराने गुणलं की खरं काय ते कळतं. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हाही एक भ्रमच. पाच लिटरचा डबा घरात आला की फोडणीचा हात सैल सुटतो. त्यावर उपाय एकच, महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढायचं. चौघांना दोन-अडीच लिटर पुरतं. वीस तारखेला बरणी तळाला गेली, तर भजी पुढच्या महिन्यात.

खरी बचत मात्र ओट्यावरच होते. पाव किलो मटकीला मोड आले की ती वजनाने दुप्पट तरी भरते. भाजीवाल्याकडे मोडाच्या मटकीत आपण त्या पाण्याचेही पैसे मोजतो. आठ-दहा तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळून ओलसर फडक्यात घट्ट बांधायची. थोडं जरी पाणी राहिलं तरी उन्हाळ्यात वास सुटतो आणि चिकट तार धरते. थंडीत एक दिवस जास्त लागतो, गाठोडं पिठाच्या डब्याशेजारी ऊबेला ठेवावं.

मटाराचा हिशोब उलटा. किलोभर शेंगा सोलल्या की दाणे निम्मेच निघतात, म्हणजे शेंगांच्या भावाची दुप्पट करून मगच 'स्वस्त' म्हणायचं. दोडक्यात मात्र काही वाया जात नाही. शिरा थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं आणि लाल तिखटाबरोबर जाडसर कुटल्या की चटणी होते. कोथिंबिरीचे कोवळे देठ वाटणात, मुळ्याचा पाला डाळीचं पीठ पेरून.

आणि शिळी पोळी. हाताने चुरायची, मिक्सरने पीठ होतं. कांदा, मिरची, हळद, कढीपत्ता, वरून पाण्याचा हबका मारून झाकण. हबका विसरला तर घास घशात अडकतो. हा पदार्थ उरलंसुरलं संपवायला म्हणून निघाला, पण तो इतका चांगला लागतो की आठवड्यातून दोनदा रात्री चार पोळ्या मुद्दाम जास्त लाटल्या जातात. महिन्याच्या 15 किलोंचे 16 होतात ते असे.