सुमिदा भांड्यांचा लाल रंग

न्यू जर्सीतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, अगदी मागच्या फळीवर, मला तो जाडजूड पेला दिसला. काठावरून निळसर काळी झिलई ओघळून मध्येच थांबलेली, खाली मळकट लाल अंग आणि त्या अंगाला बिलगून वर चढू पाहणारे मातीचे माकड. त्याच्या पाठीचा बाक इतका जिवंत होता की मी फारशी घासाघीस न करता पेला घेतला.

ही सुमिदा पद्धतीची भांडी. मूळचे जपानमधल्या सेतो या गावचे कुंभार इनोऊए र्योसाइ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टोकियोच्या आसाकुसा भागात, सुमिदा नदीच्या परिसरात भट्टी घातली आणि त्यांच्या घराण्याने व इतर कारागिरांनी प्रामुख्याने परदेशी गिऱ्हाइकांसाठी अशी भांडी घडवली. माकडे, खेळणारी मुले आणि 'राकान', म्हणजे बौद्ध परंपरेतले अर्हत, वेगळे घडवून ओल्या भांड्यावर मातीच्या पातळ लगद्याने चिकटवले जात. इतक्या दूरच्या भांड्यावर आपल्या लेण्यांच्या परंपरेतले अर्हत भेटावेत, याचा मला आजही आनंद होतो.

पुष्कळ भांड्यांवर कारागिराचे नाव एका छोट्या पांढऱ्या पट्टीवर लिहून ती पट्टी अंगाला जोडलेली असते. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर मूळ देशाचे नाव लागे. 'निप्पॉन' हा जपानचे जपानी नाव असलेला शब्द १९२१ पर्यंत चालला, पुढे 'जपान' लिहावे लागले. मात्र ते नाव कधी कागदी चिठ्ठीवरही असे, म्हणून तळावर काही नसले की भांडे अधिक जुने, असे मानू नये.

खरी काळजी घ्यायची ती लाल रंगाची. तो बहुधा भाजल्यानंतर वरून दिलेला असतो, भट्टीत पक्का झालेला नसतो. हे ठाऊक नसताना मी पहिल्याच आठवड्यात पेला साबणाच्या पाण्याने पुसला आणि फडके गुलाबी झाले. तेव्हापासून मी फक्त कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झाडतो. पुन्हा रंगवलेले भांडे मी घेत नाही, मग ते कितीही तजेलदार दिसो. झिजलेला रंग मला अधिक विश्वासाचा वाटतो. माझ्या पेल्यावर मुठीजवळ, अंगठा टेकतो तेवढ्याच जागी, लाल रंग पूर्वीच उडालेला आहे आणि खालची करडी माती गुळगुळीत झाली आहे.