कॅमेरेवाल्याला दार कोणी उघडलं?

पॉपस्टारवरची डॉक्युमेंटरी लागली की मला एकच शंका छळते. बाई आत्ता कुठे झोपेतून उठतायत, केस विस्कटलेले, मेकअपचा पत्ता नाही, पांघरूणसुद्धा अजून बाजूला सारलेलं नाही. मग समोरच्या कॅमेरेवाल्याला दार कोणी उघडलं? तो काय रात्रभर कपाटाआड बसून होता?

भाचीला हे विचारायची सोय नाही. चतुर्थीच्या सुट्टीत ती गोव्यात फोंड्याला आमच्याकडे आली की टीव्ही तिचा आणि रिमोटचे सेल आणायचं काम माझं. "मामा, तू गप्प बस रे," एवढंच उत्तर मिळतं.

साचा ठरलेला. आधी लहानपणीचा घरगुती व्हिडिओ, मग खचाखच भरलेलं स्टेडियम, मग काळ्या काचांची गाडी आणि तीत 'मला साधं आयुष्य हवंय' हे वाक्य. खाजगी विमानात बसून म्हटलं तर ते जास्त लागू पडतं, असं दिसतं. रडणं कुठे घालायचं एवढीच काय ती दिग्दर्शकाला मोकळीक.

टेलर स्विफ्टच्या २०२०च्या डॉक्युमेंटरीत ती सोफ्यावर बसून फोन घेते. ग्रॅमी संगीत पुरस्कारांच्या मुख्य नामांकनांत तिचा अल्बम नाही, अशी बातमी येते. ठीक आहे, याहून चांगला अल्बम करायला हवा, असं ती म्हणते. भाचीने उशी कवटाळली. मी विचारलं, "वाईट बातमी येणार हे कॅमेरेवाल्याला आधीच कसं कळलं?" तेवढ्यात बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा पोंक पोंक वाजला आणि मला उंडे पाव आणायला पिटाळण्यात आलं.

माझ्या शंकेला एक वजनदार साक्षीदारही आहे. मॅडोनाच्या १९९१च्या चित्रपटात डॉक्टर तिचा घसा तपासतायत. कॅमेरा बंद असताना काही बोलायचंय का, असं ते विचारतात. तेव्हाचा तिचा प्रियकर, हॉलिवूडचा नट वॉरन बेटी, बाजूलाच असतो. तो म्हणतो, हिला कॅमेऱ्याबाहेर जगायचंच नाही, बोलायचं तर सोडाच. गंमत अशी की चित्रपटाची कार्यकारी निर्माती मॅडोनाच, तरी वाक्य कापलेलं नाही. आपल्यावरचा टोमणा आपणच दाखवला की बघणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. पोचलेली बाई.

केटी पेरीच्या २०१२च्या चित्रपटात मात्र मी अडकलो. ब्राझीलमधलं साओ पाउलो, संसार मोडलाय, खोलीत हुंदके आवरत नाहीत आणि बाहेर हजारोंचा गलका. तिला रंगमंचाखालच्या लिफ्टवर आणून उभं करतात. पोशाखावर छातीपाशी पेपरमिंटच्या गोळीच्या दोन चकत्या गरगर फिरतायत आणि वरती चेहरा वेडावाकडा झालेला. लिफ्ट हलायच्या आत ती मान ताठ करते, ओठ ताणते, हसू येतं. मग ती वर जाते. जत्रेच्या नाटकातला राजा मी विंगेत पाहिलाय. मुकुट घालून जमिनीच्या दाव्याबद्दल कुरकुरत असतो आणि पुढच्या पावलाला सिंहासनाकडे डुलत निघतो. ते पाऊल खोटं म्हणवत नाही. इथे मी कॅमेरेवाल्याचा विषय काढला नाही. भाचीच्या ते लक्षात आलं असणार, पण ती रडत होती.

तरी माघार कशी घ्यायची? चित्रपट संपल्यावर मी ठेवणीतला पत्ता टाकला. "आमच्या इथल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर बघ. तबकड्या मोजक्याच. आणि तरी १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांतून त्यांची भैरवी अंतराळात धाडली. कॅमेरा नाही, रडणं नाही, सोफा नाही."

भाचीने टीव्ही बंद केला. "मामा, तुला केसरबाईंबद्दल तीनच गोष्टी ठाऊक आहेत. त्यांतली एक नासाची आहे."