हिटलरला 'लोकांनीच निवडून दिलं' म्हणण्याआधी

बर्लिनला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते दर निवडणुकीला नव्याने फिरतं: "हिटलरलासुद्धा लोकांनीच निवडून दिलं होतं." या वाक्याची मला चीड आहे. लोकांवर सगळं ढकललं की ज्यांनी सभागृहात बसून, नियम बदलून, हात वर करून हे घडवलं ते सगळे सुटतात.

आधी मतं बघू. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती. मंदी आली, बेकारी वाढली आणि सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के मिळाली. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांच्या वर, हा मोकळ्या निवडणुकीतला त्यांचा कळस. नोव्हेंबर १९३२ मध्ये ते ३३.१ टक्क्यांवर घसरले आणि जागा २३० वरून १९६ झाल्या. म्हणजे ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, झाला तेव्हा त्याचा पक्ष उतरणीला लागला होता. त्याला खुर्ची दिली अध्यक्ष हिंडेनबुर्गने, माजी चॅन्सेलर पापेन आणि त्याच्या मंडळींच्या आग्रहावरून. मंत्रिमंडळात हिटलरखेरीज फक्त दोन नाझी होते, फ्रिक आणि ग्योरिंग. बाकीचे जुने उजवे. आपण याला कोपऱ्यात दाबू, असा पापेनचा हिशेब होता. पण ग्योरिंगकडे प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्याचं गृहखातं, म्हणजे जर्मनीतलं सर्वांत मोठं पोलीसदल गेलं. फेब्रुवारीत त्याने एसए आणि एसएस या नाझी निमलष्करी दलांचे आणि श्टालहेल्म या उजव्या माजी सैनिकांच्या संघटनेचे सुमारे ५०,००० लोक 'सहायक पोलीस' म्हणून भरती केले.

वाट आधीपासून तयार होती. तेव्हाच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे वायमार, घटनेचं कलम ४८ अध्यक्षाला वटहुकूम काढू देत होतं आणि कलम २५ संसद बरखास्त करू देत होतं. संसदेने वटहुकूम नाकारला तर संसदच बरखास्त! १९३० पासून चॅन्सेलर ब्र्यूनिंगने कारभार असाच हाकला. १९३१ मध्ये संसदेने ३४ कायदे केले आणि वटहुकूम निघाले ४४. १२ सप्टेंबर १९३२ ला राइशस्टागने, म्हणजे संसदेने, तेव्हाचा चॅन्सेलर पापेनवर ५१२ विरुद्ध ४२ मतांनी अविश्वास दाखवला, पण त्याच्या जागी कोण, यावर एकमत शून्य. सरकार पाडायला बहुमत होतं, चालवायला नव्हतं.

२७ फेब्रुवारी १९३३ ला राइशस्टागची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी कलम ४८ खाली निघालेल्या वटहुकुमाने व्यक्तिस्वातंत्र्य, घराची आणि पत्रव्यवहाराची सुरक्षितता, भाषण, सभा, संघटना आणि मालमत्ता यांची हमी देणारी सात कलमं स्थगित केली. अशा वातावरणात, विरोधकांची धरपकड चालू असताना ५ मार्चची निवडणूक झाली. तरीही नाझींना ४३.९ टक्केच मिळाले, ६४७ पैकी २८८ जागा. मित्रपक्षाच्या ५२ धरून साधं बहुमत झालं. घटनादुरुस्तीला मात्र दोन तृतीयांश लागत होते.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते २३ मार्चबद्दल. त्या दिवशी संसदेने कायदे करण्याचा स्वतःचा अधिकार हिटलरच्या सरकारला देणाऱ्या कायद्यावर मतदान केलं आणि त्याला घटनादुरुस्तीइतकंच बहुमत लागत होतं.

राइशस्टाग जळालेलं, म्हणून बैठक समोरच्या क्रोल ऑपेराच्या इमारतीत भरली. घटनेची अट दुहेरी होती: एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांशांनी होकार द्यायला हवा. ६४७ चे दोन तृतीयांश ४३२. म्हणजे २१६ जण आलेच नाहीत तर मतदानच होऊ शकत नाही. कम्युनिस्टांचे ८१ तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा. समाजवादी एसपीडीचे १२०. बेरीज २०१. आणखी १५ जण घरी बसले असते तर प्रस्ताव तिथेच अडकला असता.

ग्योरिंग सभागृहाचा अध्यक्ष होता आणि त्याला हे गणित नीट येत होतं. त्याने आधी कम्युनिस्टांच्या ८१ जागा एकूण संख्येतूनच वगळल्या, त्यामुळे कोरम ४३२ वरून ३७८ वर आला. मग त्याच दिवशी कामकाजाच्या नियमांत दुरुस्ती झाली: जो सदस्य परवानगीशिवाय गैरहजर राहील तो हजर धरला जाईल. बहिष्कार हे हत्यारच त्यामुळे बोथट झालं. ज्यूलियुस लेबर हा एसपीडीचा खासदार तर सभागृहात शिरतानाच पकडला गेला. आत एसएचे लोक भिंतीला लागून उभे होते. अशा सभागृहात एसपीडीचा ओटो वेल्स बोलायला उठला आणि म्हणाला, आमचं स्वातंत्र्य आणि जीव तुम्ही घेऊ शकता, अब्रू नाही.

४४४ विरुद्ध ९४. विरोधातली सगळी ९४ मतं एसपीडीची, त्यांचे तितकेच खासदार पोहोचू शकले होते. ५३८ जणांच्या मतदानात ३५९ होकार पुरेसे होते. सेंट्रम आणि बव्हेरियाचा पक्ष या दोन कॅथलिक पक्षांची मिळून सुमारे ९० मतं होती. ती उलट पडती तर कायदा नापास झाला असता. सेंट्रमचा नेता काआस हिटलरच्या लेखी आश्वासनाची वाट बघत राहिला. ते पत्र आलं नाही, तरी पक्षाने होकार दिला. पाच खासदारांच्या एका छोट्या उदारमतवादी पक्षानेही बाजूने मत दिलं. त्यातला एक टेओडोर हॉइस, जो १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. लोकांना दोष देणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

कायदा अवघ्या पाच कलमांचा होता. सरकार स्वतःच कायदे करू शकेल, ते घटनेला सोडूनही चालतील, मुदत १ एप्रिल १९३७ पर्यंत. राइशस्टाग आणि राइशराट (राज्यांच्या प्रतिनिधींचं सभागृह) या संस्थांना व अध्यक्षाच्या अधिकारांना धक्का लागणार नाही, अशी हमीही त्यात होती. जुलै १९३३ मध्ये नाझी सोडून सगळे पक्ष बेकायदा ठरले. फेब्रुवारी १९३४ मध्ये राइशराट रद्द झालं आणि ऑगस्टमध्ये हिंडेनबुर्ग वारताच अध्यक्षपद हिटलरने स्वतःकडे घेतलं. वायमार घटना औपचारिकपणे कधी रद्द केलीच नाही, तशी गरजच उरली नव्हती.

राइशस्टागचा घुमट बघायला ऑनलाइन नोंदणी करून, पासपोर्ट घेऊन सगळे जातात. त्याच इमारतीबाहेर ओतीव लोखंडाच्या ९६ पाट्या एकीला एक लावून उभ्या आहेत. वरची कड ओबडधोबड, मोडल्यासारखी, आणि त्या अरुंद कडेवर नाव. नाझींनी मारलेल्या खासदारांचं हे स्मारक. बुखेनवाल्ड छळछावणीत मारलेला कम्युनिस्ट नेता टेलमान त्यात आहे, जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिलेला लेबर आहे. घाईत चालणाऱ्याला ती सायकलींची रांग वाटते. जरा वाकून वाचा.

१९४९ च्या जर्मन घटनेत यातलं एकेक भोक बुजवलंय. कलम ६७ नुसार नवा चॅन्सेलर निवडल्याशिवाय जुना पाडता येत नाही. आजवर हे एकदाच यशस्वी झालं, १ ऑक्टोबर १९८२ ला, श्मिटच्या जागी कोल. कलम ७९ नुसार घटनेचा मजकूर प्रत्यक्ष न बदलता तिला वळसा घालणारा कायदा चालत नाही आणि काही तत्त्वांना तर हातच लावता येत नाही. जर्मन सहकारी हे अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान रास्त आहे.

पण लोकशाहीचा धडा आपल्याला द्यायला लागले की माझंही उत्तर तयार असतं. आपल्या संविधान सभेत १९४९ मध्येच ह. वि. कामत यांनी आणीबाणीच्या तरतुदींवर बोलताना वायमारचा दाखला देऊन धोक्याचा इशारा दिला होता. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला सांगितलं की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. डीट्रिश कोनराड या जर्मन अभ्यासकाने १९६५ मध्ये बनारसला घटनादुरुस्तीच्या मर्यादांवर व्याख्यान दिलं, तो विचार आपल्या वकिलांनी उचलला आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालात मूलभूत चौकटीचा सिद्धांत, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही हा विचार, उभा राहिला. जर्मनांनी जे लिहून ठेवलं ते आपल्या न्यायमूर्तींनी घटनेतून वाचून काढलं. हिटलरला हटवायला जर्मनीत बाहेरच्या फौजा लागल्या. आपली आणीबाणी १९७७ मध्ये मतदारांनी मतपेटीतून संपवली आणि ४४ व्या दुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण जाऊन 'सशस्त्र उठाव' आलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा झाला, कलम २० आणि २१ स्थगित करता येईनासं झालं.

हे ऐकून कुणी १९७६ च्या जबलपूर खटल्याबद्दल विचारलं की मात्र आवाज खाली आणावा लागतो. पाचपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले होते की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही. एकटे ह. रा. खन्ना विरोधात गेले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हणायला २०१७ उजाडलं.