डीएससीचं टोकन स्वतः काढलं, माझा अनुभव

रावेर तालुक्यात आमची केळीवाल्यांची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, मी तिच्यात डायरेक्टर. कंपनी म्हटली की दरवर्षी एमसीएचे (केंद्राचं कंपनी खातं) फॉर्म आले आणि त्यावर डिजिटल सही आली, म्हणजे डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) लागतंच, ते एका टोकनमध्ये असतं. आतापर्यंत आमच्या डायरेक्टरांची टोकनं जळगावला ज्यांच्याकडून कामं करून घेतो त्या ऑफिसातच पडून असायची. एक स्टीलचा डबा, त्यात पेनड्राइव्हसारखी टोकनं, प्रत्येकाला चिकटपट्टी, वर नाव अन् खाली पिन. पिन पण बहुतेकांचा 12345678 च.

मी म्हटलं माझं टोकन माझ्याकडे राहील आणि डाऊनलोड पण मीच करणार, माझ्या लॅपटॉपवर. तर तिथला पोरगा म्हणे, "कसाले डोक्याला ताप करून घेता भो, ओटीपी सांगा फक्त, बाकी आम्ही करतो." बोलायला गोड आहे पोरगं, पण प्रश्न तोच ना, सही माझी अन् बनणार तुमच्या कॉम्प्युटरला.

अर्ज सोपा आहे. आता क्लास 3 प्रकारचंच सर्टिफिकेट मिळतं, क्लास 2 सरकारने 1 जानेवारी 2021 पासून बंद केलं. पॅन, आधार, मोबाईल आणि ईमेलचे ओटीपी, मग व्हिडिओ. व्हिडिओत पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून नाव सांगायचं. माझा पहिला व्हिडिओ रिजेक्ट झाला कारण लाइट गेलेली अन् तोंड काळं दिसत होतं, मग ओट्यावर उन्हात बसून केला तेव्हा पास झाला.

खरी गंमत डाऊनलोडला. आधी टोकनचा ड्रायव्हर टाकायचा, मग आलेला डिफॉल्ट पिन बदलून आपला टाकायचा, हे डाऊनलोडच्या आधीच करा. मग सर्टिफिकेट देणाऱ्याच्या पोर्टलवर कोड टाकला की टोकनची लाइट लुकलुकायला लागते आणि स्क्रीनवर येतं, "की पेअर" तयार होतेय, टोकन काढू नका. की पेअर म्हणजे किल्ल्यांची जोडी, सही करायची गुप्त ती प्रायव्हेट, सही तपासायची उघडी ती पब्लिक. बराच वेळ काहीच हलत नाही, माणूस घाबरतो की हँग झालं. पण त्या वेळात आतली चिप कामाला लागलेली असते. विजेच्या सर्किटमधल्या गोंगाटातून रँडम आकडे घ्यायचे, त्यातून 300 च्या वर अंकांच्या दोन मूळ संख्या शोधायच्या, त्यांच्या गुणाकारावर 2048 बिटची आरएसए (सहीची एक पद्धत) की बनते. त्यातला फक्त पब्लिक भाग बाहेर जातो, त्यावर सर्टिफिकेट बनून परत येतं. प्रायव्हेट की चिपमधून बाहेरच निघत नाही, लॅपटॉपला पण दिसत नाही, कॉपी करायचं बटणच नाही. म्हणून टोकन फॉरमॅट मारलं तर की गेली ती गेली, पैसे भरून नवीन काढा.

आता रँडम आकड्यांचं एवढं काय, असं मला भाऊने विचारलं. तर डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएलमधून (की बनवणारं सॉफ्टवेअर) 2006 मध्ये एक ओळ काढली गेली अन् रँडमपणाच गेला, एकाच प्रकारच्या मशीनवर एका साइजच्या फक्त 32,768 वेगवेगळ्या की बनू शकायच्या, म्हणजे कोणीही सगळ्या करून बघू शकेल, आणि हे कळलं 2008 ला! हार्डवेअर म्हणजे पक्कं असंही नाही बरं का. 2017 मध्ये इन्फिनिऑन कंपनीच्या चिपांमध्ये मूळ संख्या लवकर सापडाव्या म्हणून त्या एका ठरावीक साच्यातूनच निवडल्या जात होत्या, म्हणजे शोधून काढणं सोपं, असं निघालं, आणि एस्टोनिया देशाला साडेसात लाखांच्या वर ओळखपत्रांची सर्टिफिकेटं थांबवावी लागली. चिपच्या आतलं आपण काय तपासणार, म्हणून टोकन घेताना एफआयपीएस 140-2 लेव्हल 2 (अमेरिकेचं सुरक्षेचं मानक) लिहिलेलं बघून घेतलं, एवढंच आपल्या हातात.

पण डब्यातल्या टोकनांना ह्या कशाचाच उपयोग नाही, पिन चिकटपट्टीवर असेल तर चिप कितीही भारी असो. आणि आयटी ॲक्ट 2000 च्या कलम 42 मध्ये सरळ आहे, प्रायव्हेट की सांभाळायची जबाबदारी ज्याच्या नावावर सर्टिफिकेट त्याची, ती फुटली तर सर्टिफिकेट देणाऱ्याला लगेच कळवायचं, आणि कळवेपर्यंत जबाबदार आपणच. मी हे कलमच मोबाईलवर काढून आमच्या अध्यक्षांना दाखवलं, काका दोन मिनिटं गप्पच बसले, मग म्हणे "माझं पण घेऊन ये त्या डब्यातून."

पिन लक्षात राहील असा ठेवा पण, ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं.

नंतर एमसीएच्या पोर्टलवर डीएससी असोसिएट केलं, म्हणजे माझ्या नावाला जोडलं, तिथे सही करायचं युटिलिटी सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, ते चालू नसेल तर टोकन लावूनही दिसत नाही. फॉर्मवर सही झाली. आता फॉर्म असला की ऑफिसवाले फोन करतात, मी टोकन घेऊन जातो, पिन मीच टाकतो अन् टोकन खिशात घालून परत. पोरगं थोडं नाराज आहे. बाकीच्या डायरेक्टरांची नवीन काढायचीत, त्यात दोघांच्या आधारला मोबाईलच लिंक नाही, आधी ते करावं लागेल.