कराड ते सांगली, रुळांच्या कडेकडेनं

बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उचलायचे आणि त्या जागी सायकलवाट करायची, ही पद्धत बऱ्याच देशांत आहे. आगगाडीला मोठा चढ सोसत नाही, म्हणून तिची वाट सपाट काढलेली असते, आणि गुडघ्यांना तेच हवं असतं. आपली पुणे–मिरज लाईन चांगली धावती आहे. पण कराडच्या खाली ती कृष्णेच्या खोऱ्यानं उतरते आणि गावं जोडणारा रस्ता, कधी रुळांच्या अलीकडून तर कधी पलीकडून, सांगलीपर्यंत तिची साथ धरतो. शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे, सांगली. साधारण ७० किमी, चढ नावाला.

खुद्द रुळांशेजारच्या पायवाटेचा मोह मात्र टाळा. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ : हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तिथल्या खडीवर सायकल चालत नाही, ढकलावी लागते.

सुरुवात प्रीतिसंगमावरून करावी. कृष्णा आणि कोयना इथे एकमेकींना अगदी समोरासमोर भिडतात. रेल्वेनं येणार असाल तर लक्षात ठेवा, कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीच्या बाजूला आहे. पुढे कार्वे, वडगाव हवेली, शेरे करत शेणोली. याच शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रज सरकारच्या पगाराची गाडी लुटली होती.

हंगाम कोणता निवडायचा, यावर अर्धी सहल अवलंबून आहे. पाऊस सरल्यावर आणि साखर कारखाने पेटायच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. एकदा गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता व्यापतात. मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला कापत येते, म्हणून वळणावर तिच्या डाव्या अंगाला कधीही घुसू नका. बऱ्याच ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, तेव्हा अंधारात हा रस्ता नकोच. थंडीत नदीकाठी धुकं असतं, त्यामुळे आठच्या आधी निघण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात वेगळीच गंमत. शेतातून बाहेर आलेली काळी माती टायर आणि मडगार्डच्या फटीत बसते आणि चाक जाम होतं. मडगार्ड काढून निघा, किंवा बोटभर फट ठेवा. माती ओली असतानाच काडीनं काढायची, वाळली की दगड होते.

रूळ ओलांडताना चाक रुळाला काटकोनात हवं. रस्ता तिरका जात असेल तर मागं बघून थोडं बाहेरून वळण घ्या, नाहीतर पुढचं चाक रुळालगतच्या खाचेत अडकून तुम्ही हँडलवरून पुढे पडणार. ओलं लोखंड तर साबणच. एक गाडी गेली म्हणून लगेच पाय टाकू नका, लाईन दुहेरी झाली आहे आणि पहिल्या गाडीच्या आडून दुसरी येते. गेट बंद करून जिथे भुयारी मार्ग केलेत तिथे पावसाचं पाणी साचतं. तळ दिसत नसेल तर उतरून चालत जा.

आता काटे, कारण या खोऱ्यात सहल मोडते ती बहुतेक त्यांच्यामुळेच. बांधावरची बाभूळ आणि कडेच्या मुरुमातला सराटा. डांबर सोडून कडेला उतरलात की सराटा लागलाच. ७० किलोच्या माणसानं ३५ मिमीच्या टायरमध्ये ५० पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी. फार कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक म्हणजे काटा. तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. टायर आतून फडक्यानं पुसा, फडकं अडकेल तिथे काटा. बाभळीच्या काट्याचं टोक रबरातच मोडून राहतं, ते आतून नखानं लागत नाही, चिमटाच लागतो. पॅच लावताना ट्यूब घासायची, सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेला पॅच पुढच्या गावात सुटतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवाच, गावातल्या दुकानाचा पंप त्याला बसत नाही. दोन ट्यूब, सहा पॅच, छोटा पंप. एवढं ओझं पुरे.

ताकारीहून सागरेश्वर अभयारण्याकडे वळलात की खरा चढ भेटतो. गिअर नसतील तर तो सोडून सरळ किर्लोस्करवाडी गाठा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ही वसाहत औंध संस्थानात उभी केली. भिलवडीजवळ औदुंबरचा घाट आहे, डुलकी काढायला तीच जागा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि उसाच्या रसात मीठ-लिंबू न विसरता.

भिलवडी–नांद्रे दरम्यान येरळा ओलांडावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये आधी सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघा. तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. आकडा तिशी ओलांडून चढता असेल तर बेत पुढे ढकला. पूर ओसरल्यावरही रस्त्यावर गाळाचा थर राहतो आणि त्यावर ब्रेक लागत नाही.

परतीला रेल्वे. दमलात तर मधल्या कुठल्याही स्टेशनावरून गाडी धरता येईल, असं अनेकांना वाटतं. माणसाला धरता येते, सायकलला नाही. ती पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, जाते आणि दोन मिनिटांच्या थांब्यात ब्रेकव्हॅन उघडून चढवणं होत नाही. म्हणून थेट मिरज जंक्शन गाठा, सांगलीपासून दहाएक किलोमीटर. गाडीच्या बराच वेळ आधी पोचा. पेडल काढायला १५ मिमीचा पाना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, उगाच जोर लावून क्रँक खराब करू नका. हँडल आडवं फिरवा आणि नाव, फोन, उतरायचं स्टेशन लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला सुतळीनं बांधा. चिकटपट्टी घामानं आणि धुळीनं मध्येच सुटते.