आधी बोट, मग नाव

नववीच्या पुस्तकात हाताच्या हाडांची नावं होती: कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडची बहिःप्रकोष्ठास्थी आणि करंगळीकडची अंतःप्रकोष्ठास्थी. एका दमात म्हणून दाखवायची पाळी आली की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकायची. जीवशास्त्राचे आमचे सर रागवायचे नाहीत. म्हणायचे, "पुस्तकं मिटा. हात बाकावर, तळवा वर."

मग दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूनं मनगटापर्यंत फिरवायचं. कातडीखाली हाड सलग लागतं. ते न सोडता तळवा पालथा करायचा. बोटाखालचं हाड जवळजवळ जागच्या जागीच राहतं. अंगठ्याकडचं मात्र त्याच्यावरून तिरपं पलीकडे जातं. किल्ली फिरवताना, स्क्रू पिळताना आपण रोज हेच करतो, पण त्या तासाला सगळा वर्ग दहा मिनिटं हात उलटेपालटे करत बसला होता.

"सर, हात पालथा केला की आतलं बाहेर जातं. मग 'अंतः' आणि 'बहिः' कशावरून?" वर्गातल्या एका मुलीनं विचारलं. प्रश्न फार चांगला होता (मला सुचला नव्हता, हेही खरं). सरांनी सगळ्यांना उभं केलं. हात बाजूला, तळवे समोर. "शरीरशास्त्रातला माणूस कायम असाच उभा असतो. मधल्या रेषेच्या जवळचं ते आतलं, लांबचं ते बाहेरचं. आणि डावं-उजवं त्याचं धरायचं, तुमचं नाही." समोरून काढलेल्या चित्रात यकृत पानाच्या डाव्या बाजूला का दिसतं, ते त्या दिवशी उलगडलं.

कोपर बाकावर आपटून करंगळीत झिणझिण्या आल्या की आम्ही 'हाडाला लागलं' म्हणत असू. सरांनी कोपराच्या आतल्या बाजूचा उंचवटा चाचपायला लावला. त्याच्यामागून मज्जातंतू जातो, अगदी कातडीलगत. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू त्याच्याच ताब्यात, म्हणून मुंग्या नेमक्या तिथेच.

बाकी मोठ्या माणसात हाडं २०६, सगळ्यात लांब मांडीचं, सगळ्यात छोटं कानातलं रिकीब, जेमतेम ३ मिलिमीटर, हे परीक्षेपुरतं पाठ केलं. तान्ह्या बाळात हाडं जास्त असतात आणि पुढे त्यातली बरीच एकमेकांना जुळतात, हे ऐकून मात्र आम्ही चाट पडलो होतो.

पुढे फिजिओथेरपीला गेलो. तिथे सगळी नावं इंग्रजी-लॅटिन, पण मला जड गेली नाहीत. जागा ओळखीच्या होत्या, पाट्या तेवढ्या बदलल्या. आता पेशंट येतात ते "खुबा दुखतो" म्हणत. कुणी हात कमरेवर मागे ठेवतं, कुणी कुल्ल्यावर, कुणी मांडीच्या बाहेरच्या बाजूला. खुब्याचा सांधा खरोखर बिघडलेला असेल तर दुखणं बहुतेक वेळा पुढे, जांघेत जाणवतं. कधी तर नुसता गुडघाच दुखतो आणि माणूस गुडघ्याचा एक्स-रे घेऊन येतो. म्हणून मी फाइल बाजूला ठेवतो आणि आधी म्हणतो, "नाव राहू द्या. एका बोटानं जागा दाखवा."