तीन नंबर वर आला

रात्रपाळीत पहाटे तीनला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हाच ओळखलं, टोरांटोत पोरगं काहीतरी करून बसलंय. मी कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत फर्मेंटेशन, म्हणजे मळी आंबवून दारू करायचं काम, बघतो. भाचा हौसेनं घरी बिअर काढतो. तिकडं स्वतःपुरती काढायला मुभा आहे, इथं नाही.

"मामा, बादली फुगलीय!"

झाकण टम्म पुरीसारखं, एअरलॉक, म्हणजे गॅस बाहेर सोडायचं झाकणावरचं तोंड, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) हिरव्या गाळानं गच्च. बाजूलाच गरम हवेची जाळी. "थंडी लई आहे, म्हणून तिथं ठेवली." 25 लिटरच्या बादलीत 23 लिटर भरलेलं. फेसानं जायचं कुठं?

"तोंड लांब घे. झाकणावर ओला टॉवेल टाक आणि एक कड हळूच उचल."

फुस्स! टॉवेल तपकिरी, भिंतीवर नक्षी.

किलोभर साखर यीस्टनं खाल्ली की अर्ध्या किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे जवळजवळ अडीचशे लिटर गॅस. त्याच्या बादलीत दोन किलो तरी साखर असणार. एवढा गॅस करंगळीएवढ्या भोकातनं जायचा, आणि तेच बुजलेलं. "एअरलॉक काढ. जाड नळी निर्जंतुक करून घाल, दुसरं टोक पाण्याच्या भांड्यात बुडव. आणि बादली तळघरात ने." यीस्टच्या पाकिटावर 18 ते 20 अंश लिहिलेलं, थर्मामीटर 27 दाखवत होता. यीस्ट स्वतःही तापतं, हे नवशिक्या विसरतो.

"तुम्ही फेसाला काय करता मामा?"

"टर्की रेड ऑइल. एरंडेलापासून होतं. तुला चालायचं नाही बाबा, आमचा माल पुढं उकळून वाफेनं वेगळा होतो, तुझी बिअर तशीच पोटात..."

"साहेब, तीन नंबर वर आला!" हेल्पर ओरडला.

फोन खिशात कोंबून पळालो. मळीच्या वॉशचा, म्हणजे आंबत्या मळीच्या पाण्याचा, फेस तीन नंबरच्या टाकीच्या तोंडातनं ढेकळांनी बाहेर पडत होता. तापमान 36. रात्रभर 33 वर होतं, आणि मी ज्ञान वाटत बसलेलो. टाकी थंड ठेवणाऱ्या कूलरच्या प्लेटा गाळानं चोंदल्या होत्या. हेल्पर तोंडावर वाकून बघायला लागला, त्याला दंडाला धरून मागं ओढलं. तिथला गॅस डोळ्यांना दिसत नाही, एका श्वासात माणूस आडवा होतो. लांबूनच तेल सोडलं. फेस बसला, पण बुटात मळी शिरायची ती शिरलीच.

सहाला फोन बघितला. भाच्यानं नळीचा फोटो पाठवला होता, भांड्यात झकास बुडबुडे. मी माझ्या बुटांचा पाठवला.